भूसंपर्क कक्ष

"श्रोतेहो, माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून होते. म्हणून वाणीवर संयम ठेवायला शिका," असं सांगून आबासाहेबांनी पुढचं वाक्य जड पडावं म्हणून ओठ माइकच्या जाळीला टेकवले आणि लगेच म्हणाले, "आयला तुझ्या!"

हे रविवारी सकाळी, आजूबाजूच्या पंचवीसेक गावांत लोक चहा पीत बसलेले असताना ऐकू गेलं. मी काचेच्या अलीकडे होते. आवाजाचा फेडर खाली ओढून सनई लावेपर्यंत त्यांनी माइकच्या पुढच्या-मागच्या चार पिढ्यांचा उद्धार करून घेतला. 'आबासाहेबांचे विचारधन' हा आमच्या स्टेशनचा सगळ्यात कमी ऐकला जाणारा कार्यक्रम होता. त्या दिवशी मात्र फोन खाली ठेवता येईना. पुनःप्रसारण कधी आहे, असं लोक विचारत होते.

"शॉक बसला मला!" ओठ चोळत आबासाहेब बाहेर आले. "मला! ह्या स्टेशनच्या अध्यक्षाला!"

"आमाला रोज बसतोय की," धोंडाक्का म्हणाल्या.

धोंडाक्का साठीच्या. त्या दुपारी 'आक्कांची चूल' नावाचा कार्यक्रम करायच्या आणि त्यात पाककृतीपेक्षा सुनांच्या भानगडीच जास्त असायच्या. तोंड फटकळ, पण ऐकणाऱ्या बायका त्यांच्यावर जीव टाकायच्या.

आक्का खोटं बोलत नव्हत्या. पहिल्या दिवसापासून माइकला ओठ लागले की झिणझिण्या यायच्या, हेडफोन कानातल्या रिंगांना टेकला की चटका बसायचा, आणि आमच्या आवाजामागं पिठाची गिरणी चालू असल्यासारखी घरघर जायची. मी दोनदा आबासाहेबांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले होते, "नायलॉनच्या साड्या नेसता, मग दुसरं काय होणार? सुती नेसा." आम्ही सुती नेसलो. शॉकला काही फरक कळला नाही. आता आबासाहेब स्वतः धोतरात होते, अस्सल सुती.

आमचं स्टेशन म्हणजे वाघदऱ्याच्या माळावरच्या दोन खोल्या, एक लोखंडी मनोरा आणि पन्नास वॅटचा ट्रान्समीटर. पन्नास वॅट म्हणजे घरातल्या एका जुन्या बल्बाएवढी ताकद. पण माळ उंच असल्यानं आवाज पार विट्याच्या रस्त्यापर्यंत जायचा. आबासाहेब मोकाशींची शिक्षणसंस्था होती, दूधसंस्था होती, पतसंस्था होती. आवाजाची संस्था तेवढी राहिली होती, म्हणून त्यांनी रेडिओ काढला. मी, वैजयंता खरात, तिथं सकाळी शेतीच्या बातम्या द्यायची आणि दुपारी बायकांचे फोन घ्यायची. त्या फोनांवर मी जगत होते, असं म्हटलं तरी चालेल. ज्या बायका घरात नवऱ्यापुढं तोंड उघडत नव्हत्या, त्या माझ्याशी तासतासभर बोलायच्या.

आणि हेच काम मी महिनाअखेर सोडणार होते.

कारण सांगायला लाज वाटायची. आता वाटत नाही, म्हणून सांगते. स्टेशनवर संडास नव्हता. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला खडीचा क्रशर, त्यावर टिपरवाले ड्रायव्हर दिवसभर बिड्या ओढत बसलेले, आणि मधे झाड म्हणाल तर एक बोडकी बाभळ. मी सकाळी घरातून निघाल्यावर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हते. व्हायचं तेच झालं. लघवीची आग, ताप, पुन्हा आग. विट्याच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्पष्ट सांगितलं, "पुन्हा इन्फेक्शन घेऊन आलीस तर मूत्रपिंडावर जाईल. नोकरी सोड नाहीतर जागा शोध." नवरा म्हणाला, "सोड की. मोठी लता लागून गेलीस का?" त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

धोंडाक्का कुणाला भीत नव्हत्या. त्या सरळ माळाच्या उतारावर जाऊन बसायच्या आणि कुणी मान वळवली की तिथूनच त्याला अशा शिव्या घालायच्या की टिपर रिव्हर्समध्ये जायचा. मला ते जमलं नाही. मी एकदा आबासाहेबांकडे संडासाचं काढलं होतं. ते हळहळले. "बाई, हे सरस्वतीचं मंदिर आहे. मंदिरात कुणी संडास बांधतं का? आणि पाणी? आठवड्याला एक टँकर येतो वर, तोही दोन पिंपं देतो." स्वतः ते रविवारी घरून सगळं आटपून यायचे आणि 'विचारधन' देऊन जीपमधून खाली जायचे. सरस्वतीचा नियम त्यांना कधी आडवा आला नाही.

पण शॉक आडवा आला. मंगळवारी त्यांनी जीप पाठवून मिरजेहून इंजिनिअर बोलावला.

दस्तगीर मुल्ला सर आयुष्यभर रेडिओच्या यंत्रांत काम करून निवृत्त झालेले. डोक्यावर पांढरी टोपी, नीट कातरलेली दाढी, हातात चामड्याची पिशवी. त्यांनी आधी ट्रान्समीटर उघडला, मग मनोऱ्याच्या पायथ्याशी बसले, मग जमिनीत खुंट्या ठोकून एका जुन्या पेटीची मूठ गरागरा फिरवली आणि काट्याकडे बघत बसले. मधे आमचा चहा झाला, पाणी झालं, पुन्हा चहा झाला. नंतर ते थोडे बेचैन दिसायला लागले. माळावर इकडून तिकडं फिरले, क्रशरकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "बाई, जीप जरा गावात नेऊ का? मीठ आणायचं होतं."

"मीठ कशाला, सर?"

"अर्थिंगला लागतं."

गेले ते बऱ्याच वेळानं आले. मीठ काही दिसलं नाही. आल्यावर त्यांनी पुन्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी बराच वेळ काहीतरी खुडबुड केली, हात पुसले आणि आबासाहेबांना निरोप धाडला की या, रोग सापडला.

आबासाहेब आले. स्टुडिओतली बरी खुर्ची त्यांना दिली. आक्का दारात बसून तांदूळ निवडत होत्या, कार्यक्रमात निवडण्याचा आवाज लागतो म्हणून. मी भिंतीला टेकून उभी होते.

"आबासाहेब, तुमचं स्टेशन हवेत लटकतंय," मुल्ला सर म्हणाले.

"म्हणजे?"

"यंत्रातली नको असलेली वीज जमिनीत जायला पाहिजे. त्याला अर्थिंग म्हणतात. तिला जमिनीत वाट मिळाली नाही, तर ती माइकमधनं वाट काढते. म्हणून तुमच्या ओठाला चटका. उद्या वळवात वीज पडली तर ती सगळं घेऊन जाईल. ट्रान्समीटर, टेप, आणि पुढं कोण बसलं असेल ते."

पुढं रविवारी कोण बसतं, हे आबासाहेबांनी मनात ताडून बघितलेलं दिसलं. "मग द्या की वाट."

"खाली खडक आहे. खडक वीज घेत नाही. ओल पाहिजे. खड्डा घ्यायचा, कोळसा घालायचा, तांब्याची पट्टी सोडायची आणि तिथं बारा महिने ओल ठेवायची."

"ओल कुठनं आणू? प्यायला पाणी नाही इथं!"

"साधं पाणी नकोच," मुल्ला सर म्हणाले. "खारट लागतं. खारट ओलीतनं वीज पळत जाते. आणि एकदम बादलीभर ओतून उपयोग नाही. रोज, दिवसभर, थोडंथोडं."

"असं पाणी असतं कुठं?"

मुल्ला सर छताकडे बघायला लागले. मी जमिनीकडे बघितलं. शेवटी आक्कांनी सूप खाली ठेवलं.

"मानसाच्या पोटात असतंय," त्या म्हणाल्या. "कसली मोठी कोडी घालताय त्याला? मुतायचं म्हना की सरळ."

"आक्का!" आबासाहेब ओरडले.

"बाईंचं शास्त्र बरोबर आहे," मुल्ला सर गंभीरपणे म्हणाले.

मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. आबासाहेबांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. एकीकडे सरस्वती, दुसरीकडे वळवातली वीज. थोड्या वेळानं त्यांना वाट सुचली.

"गोमूत्र चालेल का?" त्यांनी विचारलं. "खारटही आणि पवित्रही."

"रोज गाय वर चढवायची?" आक्का म्हणाल्या. "आनि चढवली तरी तिनं हितंच करावं म्हनून तिला काय सांगनार? मुलाखतीला बोलवलंय म्हनून?"

"खोलीच्या मागं, थोड्या अंतरावर," मुल्ला सरांनी विषय ताळ्यावर आणला. "छोटं बांधकाम. खाली शोषखड्डा. त्यात आपली पट्टी. बाहेरून यंत्रणाच दिसेल."

"यंत्रणा," आबासाहेब स्वतःशीच म्हणाले. तो शब्द त्यांना चावला नाही. "यंत्रणा म्हटल्यावर प्रश्नच नाही."

जाताना मुल्ला सरांनी मला दोन स्पंजच्या टोप्या दिल्या. "तोवर माइकला ह्या घाला. शॉक बसणार नाही. घरघर राहील, ती राहू द्या. ती आबासाहेबांना ऐकू येत राहिली पाहिजे."

दोन वर्षं ज्या माळावर पाणी चढत नव्हतं, तिथं आठवड्याभरात पंचायतीच्या टाकीपासून पाइप आला. गवंडी आला, वाळू आली. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की महिनाभर थांबते. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही.

बांधकाम झालं. पांढरी फरशी, आतून कडी, वर झरोका, कोपऱ्यात नळ. मी इतकी सुंदर वास्तू आजवर पाहिलेली नाही. दारावर काळ्या ग्रॅनाइटची पाटी: 'भूसंपर्क कक्ष. उद्घाटक: मा. श्री. हंबीरराव तथा आबासाहेब मोकाशी.' फीत कापली, नारळ फोडला. आबासाहेबांनी भूमी आणि मानव यांच्या अतूट नात्यावर भाषण केलं. दूधसंस्थेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत नेमकं काय आहे, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. पेढे वाटले गेले.

मग आबासाहेबांनी दार ओढून घेतलं, खिशातून एक पितळी कुलूप काढलं, लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

"आबासाहेब, हे काय?" मी विचारलं.

"तांब्याची पट्टी आहे आत. चोरीला जाईल. आणि यंत्रणा आहे ती, येताजाता कुणी उघडायची नाही."

त्यांची जीप खाली गेली. आम्ही दोघी त्या पाटीपुढं उभ्या राहिलो. माझ्या पोटात तेव्हाही दुखत होतं. मला वाटलं, ग्रॅनाइटवर डोकं आपटावं. जेवढ्या शिव्या मला येत होत्या तेवढ्या मी मनात दिल्या, आणि कमी पडल्या तेव्हा आक्कांनी मोठ्यानं दिल्या.

"त्या मिरजेच्या साहेबाला फोन लाव, वैजे," त्या म्हणाल्या.

मी लावला. सगळं सांगितलं. मग मुल्ला सर म्हणाले, "आबासाहेबांचा नंबर द्या."

त्यांचं काय बोलणं झालं, ते मला दुसऱ्या दिवशी आबासाहेबांच्याच तोंडून कळलं. ते सकाळीच आले, घाबरेघुबरे, आणि आल्याआल्या कुलूप काढलं.

"कोरडा राहिला तर खड्डा मरतो म्हणे!" ते म्हणाले. "इंजिन घेतलंत आणि डिझेल घालत नाही, असं म्हणाले ते. काल कोणी गेलं होतं का?"

"किल्ली तुमच्याकडं होती," मी म्हणाले.

"ते असू दे. आत्ता जा."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघू? जा म्हणतो ना! आक्का, तुम्हीही. एकामागं एक."

आयुष्यात मला अनेक हुकूम मिळाले. हा एकच मी धावत जाऊन पाळला.

त्या दिवसापासून आबासाहेबांची चालच बदलली. रोज दुपारी त्यांचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार नाही, थेट विचारायचे, "झालं का?" पाणी प्या म्हणून त्यांनी स्टुडिओत माठ आणवला, वाळ्याचा. उन्हाळ्यात ताक सुरू केलं, दूधसंस्थेतून, फुकट. मी एकदा उपासाला पाणी कमी प्यायले, तर माझ्यावर रागावले: "तुमच्या उपासापायी स्टेशन जाळायचंय का?" पाहुण्यांनाही सुटका नव्हती. तालुक्याचे कृषी अधिकारी मुलाखत देऊन निघाले, तर आबासाहेबांनी त्यांचा हात धरला. "साहेब, असं कसं? संस्थेला हातभार लावून जा." अधिकाऱ्यांना वाटलं देणगी मागताहेत, ते पाकीट काढायला लागले. त्यांना कक्षाकडं नेण्यात आलं. बाहेर आले तेव्हा आबासाहेबांनी त्यांना गुलाबाचं फूल दिलं.

मुल्ला सर एकदा येऊन पट्टी जोडून गेले होते. घरघर थांबली. वळीव आला, विजा कडाडल्या, मनोऱ्यावर एकदा लखलखलंही. आम्हाला काही झालं नाही. आबासाहेब ज्याला त्याला सांगत सुटले की अर्थिंग असावं तर असं. माझा ताप गेला, आग गेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मान हलवली आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणाल्या. काम सोडायचं मी स्टेशनवर कोणाला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे परत घ्यायलाही काही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात मुल्ला सर तपासणीला आले. दुपारची वेळ होती, माझा फोनचा कार्यक्रम सुरू व्हायला थोडा अवकाश होता. ते आधी भूसंपर्क कक्षात जाऊन आले, मग मनोऱ्याच्या पायथ्याशी चहा घेत बसले. मी सहज विचारलं, "सर, जुन्या अर्थिंगला झालं तरी काय होतं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तुमचा माइक चालू नाही ना?"

"नाही."

"स्टेशनच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. आबासाहेबांनी मनोऱ्याला रंग दिला, बरोबर? रंगारी मन लावून काम करणारा होता. त्यानं अर्थिंगची पट्टी सोडवली, तिला दोन्ही बाजूंनी चंदेरी रंग दिला, मनोऱ्याच्या पायालाही दिला, आणि वाळल्यावर परत घट्ट बसवली. रंगातनं वीज जाते का? वरनं सगळं चकचकीत, आत काही जोडलेलंच नाही. मी चाकूनं खरवडलं. चहा गार व्हायच्या आत घरघर थांबली होती."

"मग? खडक? खारट पाणी?"

"जुनी पट्टी खाली ओढ्यापर्यंत नेलेली आहे. तिथं ओल आहेच. ती उत्तम होती." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दुसरी असलेली कधीही चांगली, ते खोटं नाही. पण नड नव्हती."

"तुम्ही आमच्यासाठी..."

"तुमच्यासाठी कुठलं!" ते फिसकन हसले. "मला साखर आहे हो बाई. त्या दिवशी तुम्ही चहावर चहा पाजलात. मला पाणी लागतं, आडोसा लागतो. वयस्कर हाजी माणूस, भर माळावर कुठं बसू? तो टिपरवाला माझ्याकडं बघून हात करत होता. शेवटी जीप घेऊन गावातल्या मशिदीत गेलो. मीठबीठ काही आणायचं नव्हतं. येताना इतका राग आला होता मला, की आधी जोडलेली पट्टी मी परत सोडवली. म्हटलं, ह्या आबासाहेबाला घरघर ऐकू दे. मला पुढच्या वर्षी परत यायचं होतं इथं."

मी पोट धरून हसले. तेही हसले. मग कप खाली ठेवून त्यांनी टोपी सारखी केली आणि विचारलं, "पण बाई, एका दुपारीत माझे डोळे पांढरे झाले. तुम्ही दोन वर्षं कसं काय करत होता?"

डॉक्टरीणबाईंनी मला काय करायचं ते सांगितलं होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, आबासाहेबांनी सांगितलं होतं. कसं करतेस, असं मला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडात आक्कांसारखं एक झणझणीत उत्तर आलंही होतं.

"धरून बसत होते, सर," मी म्हणाले, आणि पुढं मला बोलताच येईना.

सर गडबडले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, द्यावा की न द्यावा म्हणून तसाच हातात धरला. मी उठले, सरळ मागं गेले, दार लावलं, कडी घातली आणि नळ सोडून मनसोक्त रडले. माळावर बाईमाणसाला दार लावून रडायची सोय त्या वर्षी पहिल्यांदा झाली होती.

मी उशिरा आत गेले. सनई दुसऱ्यांदा वाजून संपत आली होती आणि नेमके आबासाहेब स्टुडिओच्या दारात उभे होते, हातातल्या घड्याळाकडे बघत.

"कुठं होता? बायका फोन धरून बसल्यात तिकडं!"

"भूसंपर्क कक्षात होते, आबासाहेब."

"एवढा वेळ?"

"हो."

त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या मोकळ्या झाल्या.

"शाब्बास," ते म्हणाले आणि स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. आता बघा आवाज कसा स्वच्छ जातोय."